थंडी आणि अंगावर पिणारे मूल

हिवाळ्यात तान्ह्या मुलाला घेऊन घराबाहेर पडलेल्या आईपुढे एक साधा परंतु निकडीचा प्रश्न उभा राहतो. मुलाला भूक लागते आणि ते रडू लागते. त्याची भूक वेळ पाहत नाही, ऋतू पाहत नाही आणि जागाही पाहत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मूल चोवीस तासांत साधारणपणे आठ ते बारा वेळा दूध पिते. तेव्हा ज्या स्त्रीला दिवसाचा बराचसा वेळ उघड्यावर घालवावा लागतो, तिला त्यांपैकी तीन-चार वेळा तरी मुलाला उघड्यावरच पाजावे लागणार, हे उघड आहे. मेंढरांमागे डोंगर ओलांडणारी धनगरीण, रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी मजूर स्त्री, वीटभट्टीवर राबणारी बाई, दवाखान्यापर्यंत चार कोस चालत जाणारी किंवा पहाटेच्या बसची वाट पाहत बसलेली आई, या सर्वजणी भारताच्या निरनिराळ्या भागांत हाच प्रश्न रोज सोडवीत असतात.

या प्रश्नाभोवती पुष्कळ समजुती गोळा झाल्या आहेत. आईला गारठा लागला की तिचे दूधही गार होते, ते प्याल्याने मुलाला सर्दी-पडसे होते किंवा त्याचे पोट दुखते, ही त्यांतील सर्वांत पसरलेली समजूत होय. यामुळे काही ठिकाणी बाहेरून आलेली आई पहिल्या धारा पिळून टाकते. काही आया घरी पोहोचेपर्यंत मुलाला रडत ठेवतात, तर काही जणी बाहेर जाताना बाटलीत वरचे दूध घेऊन निघतात. समजुतीमागे मुलाविषयीची कळकळच असते, यात शंका नाही. परंतु ज्या धोक्यापासून मुलाला वाचवायचे, तो धोका नेमका कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर कळकळीनेही अपाय होऊ शकतो. म्हणून दूध, मूल आणि आई या तिघांवर थंडीचा काय परिणाम होतो, हे आपण क्रमाने पाहू.

दूध गार होते काय?

मनुष्याच्या शरीराचे आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते आणि बाहेर कितीही गारठा असला तरी निरोगी माणसात ते फारसे बदलत नाही. थंडीत हात-पाय, नाक, कान गार पडतात, कारण शरीर त्वचेकडील रक्तप्रवाह कमी करून उष्णता आत राखून ठेवते. दूध मात्र त्वचेवर तयार होत नाही. स्तनाच्या आत द्राक्षाच्या घोसासारख्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. भोवताली वाहणाऱ्या उबदार रक्तातून लागणारे घटक घेऊन या पिशव्यांच्या पेशी दूध बनवितात. हे दूध बारीक नलिकांतून स्तनाग्राकडे येते आणि थेट मुलाच्या तोंडात जाते. वाटेत ते हवेत येतच नाही. त्यामुळे आईची त्वचा हाताला गार लागली तरी मुलाच्या तोंडात पडणारे दूध शरीराच्या उष्णतेइतकेच कोमट असते. पहिल्या धारा पिळून टाकण्याने काहीच साधत नाही. मुलाच्या वाट्याचे थोडे दूध मात्र वाया जाते.

याउलट बाटलीत भरून नेलेल्या दुधाचे काय होते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तीन किलो वजनाच्या मुलाने १० अंशांपर्यंत निवलेले ६० मिलिलिटर दूध प्याले, असे समजू. ते दूध ३७ अंशांपर्यंत तापविण्यासाठी मुलाच्या शरीराला सुमारे दीड किलोकॅलरी उष्णता खर्चावी लागेल. एवढ्या लहान शरीरातून एवढी उष्णता एकदम काढून घेतली, तर त्याचे तापमान अर्ध्या अंशाहून अधिक उतरू शकते. मोठ्या माणसाला जे केवळ गार पेय, तो तान्ह्या मुलाला खरा तोटा असतो. तेच ६० मिलिलिटर दूध अंगावर प्याले, तर ही उष्णता खर्च होत नाही आणि वर दुधातील साखर व स्निग्धांश यांपासून सुमारे ४० किलोकॅलरी इंधन मिळते.

बाटलीच्या दुधाला आणखी अडचणी आहेत. ते कोमट ठेवावे तर त्यात जंतू वाढतात, आणि निवू द्यावे तर पुन्हा तापविण्यास विस्तव लागतो. उंच डोंगराळ प्रदेशात तर पाणीही कमी तापमानाला उकळते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेल्या लेह येथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळू लागते, आणि जळण दुर्मिळ असते. अशा ठिकाणी बाटली नीट उकळून घेणे किती कठीण आहे, याची कल्पना कोणालाही करता येईल.

सर्दी-पडशाविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकावी. पडसे विषाणूंमुळे होते आणि ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. आईला पडसे झाले असेल, तर तिचे शरीर त्या विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडे बनविते आणि ती दुधावाटे मुलापर्यंत पोहोचतात. म्हणून अशा वेळी अंगावर पाजणे चालूच ठेवावे. हात धुणे आणि तोंडा-नाकावर स्वच्छ फडके बांधणे, एवढी काळजी पुरेशी होय.

मुलाच्या शरीरातील शेकोटी

दुधाला थंडीपासून भय नाही, पण मुलाला आहे. त्याची कारणे मुलाच्या आकारात आणि घडणीत आहेत.

शरीर उष्णता निर्माण करते ती आपल्या वजनाच्या प्रमाणात, आणि गमावते ती त्वचेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. साठ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.६५ चौरस मीटर असते, तर तीन किलो वजनाच्या नवजात मुलाचे सुमारे ०.२ चौरस मीटर. म्हणजे दर किलो वजनामागे मुलाची त्वचा आईच्या जवळजवळ अडीच पट भरते. मोठ्या हंड्यातील पाणी तासन् तास कढत राहते आणि वाटीतील पाणी पाहता पाहता निवते, त्यातलाच हा प्रकार आहे. शिवाय नवजात मुलाचे डोके त्याच्या एकूण उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढे असते. त्यामुळे उघड्या डोक्यावाटे जाणारी उष्णता मोठ्या माणसाच्या मानाने पुष्कळच जास्त असते. आपल्याकडील आज्या मुलाला कुंची घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर नेऊ देत नाहीत, त्यामागे हे शास्त्र आहे.

मोठ्या माणसाला थंडी वाजली की हुडहुडी भरते. स्नायू वेगाने थरथरतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. नवजात मुलाला हे नीट साधत नाही. निसर्गाने त्याला वेगळी सोय करून दिली आहे. त्याच्या खांद्याच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती आणि मूत्रपिंडांभोवती एक विशेष प्रकारची चरबी असते. तिला तपकिरी मेद म्हणतात. तिच्या पेशींत तंतुकणिकांची दाटी असते. साधी चरबी इंधन साठवून ठेवते, तर ही चरबी ते जागच्या जागी जाळून थेट उष्णता देते. त्वचेला गारठा जाणवताच मज्जातंतूंवाटे नॉरॲड्रिनॅलिन नावाचे द्रव्य तेथे पोहोचते आणि ही शेकोटी पेटते.

परंतु शेकोटी म्हटली की सरपण आले. तपकिरी मेदाचा साठा थोडा असतो. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या मुलांत तर तो फारच थोडा असतो. शेकोटी पेटती राहण्यासाठी साखर, स्निग्ध पदार्थ आणि प्राणवायू यांचा पुरवठा सतत व्हावा लागतो. हे सरपण दुधातून येते. तेव्हा थंडीत मुलाची दुधाची वेळ पुढे ढकलणे म्हणजे शेकोटीचे सरपण काढून घेण्यासारखेच आहे. उपाशी मूल लवकर गारठते. गारठलेले मूल मलूल होते आणि त्याची चोखण्याची ताकद कमी होते. नीट न प्याल्यामुळे ते आणखी गारठते. हे चक्र एकदा फिरू लागले की ते थांबविणे कठीण जाते.

हा धोका केवळ बर्फाच्या प्रदेशापुरता आहे, असेही समजू नये. नेपाळच्या दक्षिणेकडील सर्लाही हा जिल्हा तराईच्या मैदानात आहे. तेथे २३ हजारांहून अधिक नवजात मुलांचे तापमान घरी जाऊन मोजण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दहांपैकी नऊहून अधिक मुलांचे तापमान कधी ना कधी ३६.५ अंशांच्या खाली गेल्याचे आढळले. हिवाळ्यात हे प्रमाण वाढत होते, परंतु उन्हाळ्यातही ते शून्यावर येत नव्हते.

उष्णता कोणत्या वाटांनी जाते?

मुलाच्या अंगातील उष्णता चार वाटांनी बाहेर जाते. गार वस्तूला अंग टेकले की ती वस्तू उष्णता ओढून घेते. थंड दगडावर किंवा ओल्या जमिनीवर मुलाला निजविले की असे होते. वारा लागला की अंगाभोवतीची उबदार हवा वाहून जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. ओलावा वाळताना उष्णता खर्च होते. ओले बाळोते, लाळेने भिजलेले झबले, अंगावर सांडलेले दूध यांमुळे ही वाट उघडते. चौथी वाट म्हणजे प्रारण. मूल कशालाही न टेकता भोवतालच्या थंड भिंतींकडे किंवा उघड्या आकाशाकडे उष्णता टाकीत असते.

या चार वाटा ध्यानात ठेवल्या की एक गोष्ट सहज लक्षात येते. कोरड्या, निवाऱ्याच्या जागी ५ अंश तापमानात आईच्या पोटाशी असलेले मूल सुखरूप राहू शकते. उलट १५ अंश तापमानातही ओल्या बाळोत्यात, वाऱ्याच्या तोंडावर, जमिनीवर ठेवलेले मूल गारठू शकते. तापमापकातील आकड्यापेक्षा ओल, वारा आणि जमिनीचा स्पर्श यांकडे आधी पाहावे. फिनलंडमध्ये आईबाप तान्ह्या मुलांना लोकरीत गुंडाळून हिवाळ्यातही दुपारच्या झोपेसाठी घराबाहेर ठेवतात. ती मुले आजारी पडत नाहीत, कारण ती कोरडी असतात, पोटभर प्यालेली असतात आणि त्यांना वारा लागू दिला जात नाही.

महाराष्ट्रातील ऊसतोडीचे उदाहरण याच दृष्टीने पाहावे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या भागात येतात, कोप्या घालून राहतात आणि दिवस उजाडण्यापूर्वीच फडात उतरतात. तेथे बर्फ पडत नाही. परंतु पहाटे उसाच्या पाचटावर दव साचलेले असते. त्याने बाईचे लुगडे गुडघ्यापर्यंत आणि बाह्या कोपरापर्यंत भिजतात. अशा ओल्या कपड्यांनीच ती बांधावरच्या झोळीतील मुलाला घेऊन पाजायला बसली, तर आई-मुलामधले ओले कापड दोघांचीही उष्णता ओढून घेते. पाजण्यापुरता जरी एक कोरडा सदरा किंवा कोरडे पटकूर जवळ ठेवले, तरी पुष्कळ फरक पडतो.

आईचे शरीर आणि पान्हा

आईच्या शरीरावर थंडीचा परिणाम होतो तो दूध गार होण्याचा नव्हे, तर पान्हा अडण्याचा. मूल चोखू लागले की आईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते. त्याच्यामुळे स्तनातील सूक्ष्म पिशव्यांभोवतीचे तंतू आकुंचन पावतात आणि दूध पुढे ढकलले जाते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. भीती, वेदना, संकोच किंवा कडाक्याची थंडी यांनी आईचे शरीर ताणले गेले की या क्रियेत अडथळा येतो. स्तनात दूध असते, पण ते मोकळेपणी उतरत नाही.

मायकेल न्यूटन आणि नाइल्स न्यूटन या अमेरिकन दांपत्याने १९४८ साली यासंबंधी एक लहानसा परंतु बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. तो एकाच आईवर केलेला होता. मूल अंगावर पीत असताना काही दिवशी तिला मुद्दाम त्रास देण्यात आला. तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडविणे हा त्यांतील एक प्रकार होता. शांतपणे पाजले त्या दिवशी मुलाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळाले, तर त्रासाच्या दिवशी अवघे ९९ ग्रॅम. त्रास देऊनही तिला ऑक्सिटोसिनची सुई टोचली, तेव्हा मात्र मुलाला १५३ ग्रॅम दूध मिळाले. दूध आटले नव्हते, केवळ त्याची वाट अडली होती, हे यावरून दिसून येते. गारठलेल्या आईला आधी ऊब द्यावी, म्हणजे दूध आपोआप उतरते.

काही स्त्रियांना थंडीत आणखी एक त्रास होतो. पाजून झाल्यावर ओल्या स्तनाग्राला गार वारा लागताच तेथील रक्तवाहिन्या आकसतात. स्तनाग्र पांढरे पडते, मग निळसर आणि शेवटी लाल होते, आणि आग झाल्यासारखी तीव्र वेदना होते. असे होणाऱ्या स्त्रीला आपले दूध बिघडले किंवा दृष्ट लागली असे वाटू शकते. वास्तविक हा रक्तवाहिन्यांचा खेळ असतो. मूल सुटताच स्तनाग्र कोरडे टिपावे आणि त्यावर कोरडे, उबदार कापड किंवा तळहात धरावा. वेदना वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यावर उपचार आहेत.

आईच्या आहाराकडेही दुर्लक्ष होता कामा नये. पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला रोज सुमारे ६०० किलोकॅलरी अधिक अन्नाची गरज असते, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे मान आहे. थंडीत श्रम करणाऱ्या स्त्रीला स्वतःची ऊब राखण्यासाठीही अन्न लागते. थंड, कोरड्या हवेत श्वासावाटे शरीरातील पाणी जात राहते, पण तहान लागत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता तिने गरम पेज, कढण, ताकाची कढी, चहा असे काही दर वेळी पाजण्याच्या आधी किंवा नंतर घ्यावे. मुलाला मात्र सहा महिने पूर्ण होईपर्यंत वरचे पाणी द्यावे लागत नाही; त्याला लागणारे पाणी दुधातच असते.

थंड मुलखांची शिकवण

आईचे अंग हेच मुलाचे सर्वांत चांगले पांघरूण आहे, हे ज्ञान थंड मुलखांतील लोकांनी पुस्तकांवाचून मिळविले आणि ते आपल्या पोशाखात उतरविले. हिमाचलमधील गद्दी मेंढपाळ कमरेला लोकरीचा लांबलचक दोर गुंडाळतो. त्याच्या वर चोळ्याचा जो घोळ सुटतो, त्यात तो नुकतेच जन्मलेले कोकरू छातीशी ठेवून घाट चढतो. काश्मिरी स्त्रीचा घोळदार फेरन एवढा ऐसपैस असतो की त्याच्या आत मूल घेऊन, अंग न उघडता, त्याला पाजता येते. लडाखी स्त्रिया पाठीवर लोकपा नावाचे लोकरीच्या बाजूचे कातडे पांघरतात. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट स्त्रियांच्या अमाउती नावाच्या अंगरख्याला पाठीशी एक मोठी पिशवी असते. मूल तिच्यात आईच्या पाठीला चिकटून बसते, आणि भूक लागली की आई त्याला अंगरख्याच्या आतूनच पुढे ओढून घेते. बाहेर हाडे गोठविणारा वारा असला तरी मुलाला त्याची झळ लागत नाही.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशातील केचुआ लोक ४,००० मीटरहून अधिक उंचीवर राहतात. तेथील आया मुलांना कापडांच्या अनेक थरांच्या बोचक्यात गुंडाळून पाठीवर बांधतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या बोचक्याच्या आतली हवा मोजण्यात आली. ती बाहेरच्या हवेपेक्षा उबदार व दमट होती आणि तिचे तापमानही स्थिर राहत होते. मात्र आतील प्राणवायू बाहेरच्यापेक्षा थोडा कमी भरला. ऊब देताना श्वासाची वाट मोकळी ठेवावी लागते, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

आधुनिक वैद्यकाने हे ज्ञान जरा उशिराच स्वीकारले. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात एडगार रे या डॉक्टरांच्या रुग्णालयात काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेव्हा त्यांनी कमी वजनाच्या मुलांना आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, उभे बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीला कांगारू-संगोपन हे नाव पडले. भारतात हरियाणातील गावांत आणि निमशहरी वस्त्यांत कमी वजनाच्या ८,४०२ मुलांवर या पद्धतीचा अभ्यास झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार ज्या कुटुंबांना घरीच असे संगोपन शिकविले होते, तेथील सहा महिन्यांपर्यंतच्या मुलांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. यासाठी यंत्र लागले नाही की औषध लागले नाही.

प्रत्यक्ष पाजताना

आतापर्यंतच्या विवेचनावरून व्यवहाराचे नियम सहज काढता येतात.

निघण्यापूर्वी मुलाला पोटभर पाजावे आणि बाळोते बदलावे. मुलाच्या अंगावर आईपेक्षा एक थर अधिक असावा. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन सैल थर अधिक ऊब देतात, कारण थरांमध्ये हवा कोंडून राहते. सुती कापड ओले झाले की ऊब धरीत नाही. लोकर थोडी दमट झाली तरी धरते. म्हणून अंगालगत मऊ सुती झबले आणि वर लोकर, अशी मांडणी ठेवावी. टोपडे आणि मोजे पाजतानाही काढू नयेत.

मूल रडू लागेपर्यंत थांबू नये. ते तोंड वळवू लागले, मूठ चोखू लागले, की पाजावयास घ्यावे. रडून दमलेले मूल नीट पीत नाही. भिंत, खडक, गवताची गंजी, उभी बैलगाडी, जो आडोसा मिळेल त्याच्या मागे वाऱ्याकडे पाठ करून बसावे. बसण्यासाठी खाली गवत, पोते किंवा घोंगडी घ्यावी. पाजण्यापूर्वी आईने आपले हात काखेत धरून गरम करावेत. वरचा कपडा गळ्याकडून उघडण्यापेक्षा खालून, लागेल तेवढाच वर घ्यावा. मुलाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे आणि दोघांवर मिळून एकच शाल किंवा घोंगडी असावी. मुलाचे नाक मात्र सतत दिसत राहिले पाहिजे आणि त्याची हनुवटी छातीवर दबलेली नसावी. प्याल्यावर ढेकरही शालीतच काढावी. मग मुलाचे तोंड व मान आणि आईचे स्तन कोरडे टिपून कपडे नीट करावेत. दुधाने भिजलेले कापड तसेच अंगावर ठेवू नये.

विस्तवाविषयी विशेष काळजी घ्यावी. फेरनच्या आत कांगडी धरण्याची काश्मिरी रीत प्रसिद्ध आहे. तिच्या सततच्या धगीने पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेला कर्करोग होत असल्याचे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मूल फेरनमध्ये असताना कांगडी आत कधीही घेऊ नये. बंद तंबूत किंवा कोपीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणेही तितकेच घातक असते. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि तो झोपेतच प्राण घेतो.

धोक्याची खूण

मुलाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान असावे. ते ३६.४ ते ३६ अंशांपर्यंत उतरले तर मुलाला थंडीचा ताण पडतो आहे असे समजावे. ३६ अंशांच्या खाली गेले तर ती गंभीर बाब असते, आणि ३२ अंशांच्या खाली प्राणाशी गाठ असते. जवळ तापमापक नसला तरी हाताने अंदाज करता येतो. तळहाताच्या मागील बाजूने आधी मुलाचे पोट आणि मग पाय चाचपावेत. दोन्ही उबदार असतील तर चिंता नाही. पोट उबदार पण पाय गार असतील, तर मुलाला ताबडतोब आईच्या अंगाशी घेऊन पाजावे. दोन्ही गार असतील, तर ओले कपडे काढून त्याला आईच्या उघड्या छातीशी धरावे, वर पांघरूण घालावे आणि त्याच स्थितीत दवाखान्याची वाट धरावी.

गालांच्या लालीवर मुळीच भिस्त ठेवू नये. १९५७ साली इंग्लंडमधील दोन डॉक्टरांनी थंड खोल्यांत गारठून अत्यवस्थ झालेल्या नवजात मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलांचे चेहरे लालबुंद होते. त्यामुळे ती धडधाकट दिसत आणि घरच्या माणसांना संशय येत नसे. मूल न रडता गप्प पडून आहे, चोखत नाही, अंग सैल पडले आहे, ही लक्षणे शांतपणाची समजू नयेत. थंडीत गप्प झालेल्या मुलाला लगेच हात लावून पाहावे.

आडोसा कोणी द्यावा?

येथवर सांगितलेले जवळजवळ सर्व काही आईने करावयाचे आहे. परंतु ते करण्याची मोकळीक तिला मिळते का, हा प्रश्न शेवटी उरतोच. पंधरा-वीस मिनिटांची उसंत, वाऱ्यापासून आडोसा, कोरडे कापड आणि गरम पेय, एवढीच तिची गरज असते. १९६१ सालच्या प्रसूती लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्याची सुटी दिली. २०१७ सालच्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. तथापि उचल घेऊन ऊस तोडणाऱ्या, खडी फोडणाऱ्या किंवा कळपामागे चालणाऱ्या स्त्रीपर्यंत असे कायदे क्वचितच पोहोचतात. तिला उसंत द्यायची की नाही, हे मुकादम ठरवितो. तिच्या हातचे ओझे कोणी घ्यायचे, हे तिच्या घरची माणसे ठरवितात.

उघड्यावर पाजणाऱ्या बाईकडे रोखून पाहणारे डोळेही थंडीइतकेच बाधक असतात. संकोचाने पान्हा अडतो हे आपण पाहिलेच आहे. अशा वेळी नवऱ्याने वाऱ्याच्या बाजूला पाठ करून उभे राहावे, सोबतिणीने आपली शाल पुढे करावी, बसमधील माणसांनी आतली जागा मोकळी करून द्यावी. यास खर्च येत नाही. आईचे शरीर मुलाला ऊब आणि अन्न एकाच वेळी देत असते. ते शरीर उबदार, कोरडे आणि निश्चिंत राहील एवढी तजवीज भोवतालच्या माणसांनी केली, तर हिवाळ्यातील उघड्या माळावरही मूल सुखाने पिऊ शकते.